हिरवळीचा हिशेब

सर्वणमध्ये नवे घर बांधले की हल्ली अंगणात हिरवळ हवी असते, आणि तिला पाणी घालायला तुषार सिंचनाचा संच. परवा एक पालक त्याचे अंदाजपत्रक घेऊन आमच्याकडे आले. पंप, नळ्या, फवारे, आपोआप चालू-बंद होणारे यंत्र, मजुरी, सगळे त्यात होते. पाणी मात्र नव्हते!

त्यांच्याच सातवीतल्या मुलाला आम्ही हिशेब करायला बसवले. १०० चौरस मीटर हिरवळीला कडक उन्हात रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. तेव्हा रोजचे ५०० आणि महिन्याचे १५,००० लिटर झाले. २०२१ साली गोवा सरकारने महिन्याला १६,००० लिटरपर्यंत वापरणाऱ्या घरांना पाणी मोफत केले होते. म्हणजे सबंध घराच्या वापराएवढे पाणी गवत पिणार! विहीर आहे, असे पालक म्हणाले. पण मे महिन्यात तिचा तळ दिसतो, आणि शेजाऱ्यांच्या विहिरीचे पाणीही त्याच जमिनीतले.

संच वाईट नव्हे. कुळागरात तो पोफळी जगवतो, त्याचे उत्पन्न येते. अंगणात मात्र पावसाचे चार महिने तो नुसता पडून राहणार. त्यापेक्षा जुन्या घरांसारखे न्हाणीचे पाणी माड-केळीला वळवावे, असे आमचे मत.

शाळेपुढे हिरवळ करण्याचा विचार विश्वस्त मंडळानेही चालवला आहे. त्या मुलाची वही आम्ही कार्यालयात ठेवून घेतली आहे. सभेपूर्वी सदस्यांनी ती जरूर पाहावी.