गुरांची वाट कुणाच्या बापाची?

गोदीत रोज बघतो. कंटेनरला वाट असते. बोटीवरनं क्रेन, क्रेनवरनं ट्रेलर, ट्रेलरवरनं गेट. कागद असला की कुणी अडवत नाही. आणि तिकडे दापोली तालुक्यात, मुरुडच्या वरच्या अंगाला, माझी आय तीन गुरं घेऊन सकाळी निघते आणि अर्ध्या वाटेतनं परत येते. वाट बंद.

फोनवर म्हणाली, "बाला, तारंला तोंड घासून परत आली रं गुरं. आता कुठनं न्यायची?"

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? गुरंढोरं, खेडं, शेण. बाबासाहेबांनी तर खेडी सोडा सांगितलं. कबूल. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांची पार सालटी काढली. म्हणून तर मी दहावी होऊन गोदीत आलो. पण माझी आय तिथंच आहे. तुमच्यातल्याही कितीकांची आय तिथंच आहे. तिला कुंपणाबाहेर उभी ठेवून आपण इथे चाळीच्या गॅलरीत क्रांतीच्या गप्पा हाणायच्या?

ज्यांना ठाऊक नाही त्यांना गणित सांगतो. पावसाळ्यात खाली भात असतं. गुराचं तोंड बांधाला लागता कामा नये. म्हणून गुरं सड्यावर न्यायची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा कातळ. पाऊस पडला की त्यावर गवत येतं. दिवाळीच्या सुमाराला भात कापलं की गुरं खाली उतरतात, मळ्यात उनाड सुटतात. उन्हाळ्यात सगळं करपलं की पऱ्याच्या पाण्याकडे. या वरखालीवर जनावर जगतं. आणि या फेऱ्यातलं प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या जमिनीतनं पडतं. कारण आमचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नाही.

पूर्वी सगळं खोताचं. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती मोडायचं बिल आणलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. खोत कागदावरनं गेला, पण डोंगरउताराची वरकस जमीन आमच्या वाट्याला आली नाही. तरी ती पडीक होती, गडगा बुटका होता. शिव्या खात का होईना, गुरू जायचं. मग १९९० ला रोजगार हमीतनं फळबाग योजना आली. सरकारी अनुदानावर कातळात खड्डे पडले, आंबा-काजूची कलमं लागली. ज्याला जमीन होती त्याचं भलं झालं. खड्डे माझ्या बापाने मारले. बाग झाली, बागेला तार आली. बापाने मारलेल्या खड्ड्यातल्या कलमाचा पाला आमच्या गाईने खाल्ला तर तो गुन्हा! पुढं कर्दे-मुरुडचा किनारा पर्यटकांना सापडला. रिसॉर्टं उठली. खाली भिंत, वर तार, मधे गुरू.

मुरुडला लोक समुद्र बघायला येतात, महर्षी कर्व्यांचं स्मारक बघतात. १८९३ ला याच कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. वाट बंद करायची खोड जुनी आहे. ब्राह्मणाच्या पोरालाही सोडलं नाही, तिथं आमचं काय!

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात एका बागवाल्याने सड्याच्या पाखाडीवर तार ओढली. आय विचारायला गेली. तो म्हणाला, "वाट कुठं लिहिलीय ते दाखव." एकदा गाय तारेखालनं घुसली. कोंडवाड्यात गेली. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा. इंग्रज गेला, कोंडवाडा राहिला. माझी दोन दिवसांची मजुरी दंडात गेली. अख्खा पावसाळा आयने गुरं दाव्याला बांधून विकतच्या पेंढ्यावर काढली. सड्यावर गवत कमरेएवढं झालं होतं.

विकून टाक म्हणाल. विकू कुणाला? गाय कापायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी. मार्च २०१५ पासून बैल-वळूही त्यात घातले. पाच वर्षांपर्यंत कैद. आमचा म्हातारा बैल कोण घेणार? टेम्पोत घातला तर रस्त्यात दंडुकेवाले उभे. जुलै २०१६ ला उनामध्ये आपल्या पोरांना मेलेल्या गाईचं कातडं सोलताना धरून मारलं. त्यावर गुजरातच्या दलितांनी मोर्चा काढून मागितलं काय? भूमिहीनाला पाच एकर. गाय तुमची तुम्हाला लखलाभ, जमीन द्या! महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका. आमच्या पणज्यांनी सोडलं. मेलेल्या ढोराचा प्रश्न सुटला, जित्या ढोराचा तसाच लोंबकळतोय.

कोकणातल्या आमच्या बुटक्या, काटक गाईची आता 'कोकण कपिला' म्हणून सरकारदप्तरी नोंद झाली. म्हणजे गाईला जातीचा दाखला मिळाला! चराईचा दाखला कोण देणार? तिला आई म्हणता, आणि आईच्या तोंडासमोर काटेरी तार ओढता. ही कसली तुमची भक्ती? देव्हाऱ्यात गाय पाहिजे, सड्यावर नको. गाय हाकणारी बाई तर कुठंच नको.

काही मित्र म्हणतील, चराईचं काढशील तर गायरानावरच्या आपल्याच माणसांवर बुलडोझर येईल. भीती खोटी नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक, गायरान जमिनी मागायलाच. २०११ ला सुप्रीम कोर्टाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा म्हटलं. तेव्हापासून पहिली नजर पडते ती दोन एकर कसणाऱ्या आपल्या माणसावर. म्हणून साफ बोलतो. गाईचं नाव पुढं करून भूमिहीनाला उठवणारा आमचा दोस्त नाही. आधी मोठी कुंपणं मोजा. ज्याचं पोट त्या दोन एकरांवर आहे त्याच्याकडे मग बघू.

आता कामाचं. महसूल कायदा १९६६, कलम २३: चराईसाठी राखलेल्या जमिनीवर गावच्या गुरांना चरायचा हक्क आहे. त्यात गुरू कुठल्या वाडीतलं हे विचारलेलं नाही. आणि मामलेदार कोर्टाचा कायदा १९०६, कलम ५: शेताकडे, चराईकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. नंतर तो दावा तिथं चालत नाही. आयला हे कुणी सांगितलं नाही. एका कचेरीत म्हणाले, "सातबारा घेऊन ये." ज्याच्याकडे सातबारा नाही त्यालाच तर दुसऱ्याच्या जमिनीतनं वाट लागते, भडव्यांनो!

तार जूनमध्ये आली. नोव्हेंबर संपत आला. हाताशी थोडे दिवस आहेत. मी चार दिवसांचा खाडा टाकून शनिवारी रात्रीच्या दापोली एस.टी.ने निघतोय. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ही वाट लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांचे जबाब लिहून घ्यायचेत. नकाशा काढायचाय. वाडीत एका घरचा सवाल नाही, वाट सगळ्यांची आहे. पण सह्या करायला लोक घाबरतात, कारण मजुरी त्याच बागेत आहे.

म्हणून तुम्हाला हाक मारतोय. ज्यांना अर्ज लिहिता येतो, कायदा वाचता येतो, त्यांनी या. एकट्याची सही अंगावर येते, पन्नास जणांच्या सह्या गेल्या तर बागवाला कुणाकुणाला कामावरनं काढेल? कविता नंतर ऐकू एकमेकांच्या. आधी पाखाडीवरची तार निघाली पाहिजे.

जयभीम!