रिकामा चौकोन आणि आपले धडे



शाळेच्या संगणकावर ई-लर्निंगचं सॉफ्टवेअर उघडलं, इयत्ता निवडली, धडा निवडला, आणि चित्राच्या जागी नुसता रिकामा चौकोन आला, असं तुमच्याकडे झालंय का? पुण्यातल्या आमच्या शाळेत झालं. बेडकाचं जीवनचक्र दाखवायला तिसरीची मुलं रांगेत संगणक कक्षात नेली. "बाई, बेडूक कुठंय?" शेवटी फळ्यावर काढला.

संगणक जुना झाला, नवा घ्यावा लागेल, असं सगळ्यांचं मत पडलं. मला पटेना. त्याच संगणकावर बाकीचे व्हिडिओ व्यवस्थित दिसत होते. आणि ऑफिसमधल्या, कधीच इंटरनेट न लावलेल्या संगणकावर हेच सॉफ्टवेअर बिनतक्रार चालत होतं!

झालंय असं की, अशी बरीच जुनी सॉफ्टवेअर्स चित्र स्वतः दाखवत नाहीत. ती फक्त चौकट मांडतात आणि धड्याची फाइल विंडोजमध्ये बसवलेल्या फ्लॅश प्लेअरच्या हवाली करतात. ॲडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० अखेर फ्लॅश बंद होणार. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच्या शेवटच्या आवृत्त्यांनी फाइल दाखवणंच थांबवलं. तेव्हा करोनामुळे पहिली ते चौथीचे वर्ग बंद होते, म्हणून आपल्याला पत्ताच लागला नाही. ऑफिसच्या संगणकात त्याहून जुना प्लेअर होता, त्याला ही तारीख माहीतच नव्हती.

खात्री कशी करायची? चौकोनाकडे नीट बघा. मधोमध लहानसं चिन्ह असेल, तर प्लेअर आहे पण मुदत संपलीय. राइट क्लिक केल्यावर 'मूव्ही नॉट लोडेड' आलं, तर फाइलच सापडत नाहीये. कुणीतरी फोल्डर हलवलाय किंवा अँटिव्हायरसने फाइल उडवलीय. काहीच येत नसेल, तर विंडोजच्या अपडेटने प्लेअर काढून टाकलेला असू शकतो. आम्ही एक गंमत केली. संगणकाची तारीख २०२० केली, आणि बेडूक उडी मारत आला! पण हा इलाज नव्हे. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, 'दीक्षा'सुद्धा नाही. आणि कुठल्यातरी साइटवरून जुना प्लेअर उतरवून घेऊ नका, त्यासोबत व्हायरस येऊ शकतो.

खरा उपाय म्हणजे 'रफल' नावाचा मोफत प्रोग्रॅम. तो फ्लॅश नसतानाही एसडब्ल्यूएफ फाइल चालवतो. साध्या चित्रफिती छान चालतात, गुंतागुंतीच्या खेळांना कधीकधी अडखळतो. आमच्या ३१ फाइल्सपैकी २३ चालल्या. पण आधी फाइल हातात तर यायला हवी ना! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये निम्मे विषय कुलूपबंद आहेत. फोल्डर दिसतो, आतलं काही उघडत नाही. ज्यांच्याकडून घेतलं, ते आता फोन उचलत नाहीत.

माझा राग इथे आहे. हे सॉफ्टवेअर पालकांच्या वर्गणीतून आलं होतं. धुणीभांडी करणाऱ्या आईनेही त्यात पैसे घातले होते. धडा विकत घेतला असं आपण समजलो, प्रत्यक्षात मिळालं एका प्लेअरवर अवलंबून असलेलं कुलूप.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, पुढच्या वेळी कुणी चकचकीत सॉफ्टवेअर दाखवायला आलं, तर 'किती धडे आहेत' हे नंतर विचारा. आधी विचारा: धड्यांच्या फाइल्स वेगळ्या मिळतील का? एमपी-४ मध्ये आहेत का? इंटरनेट आणि तुमचं सॉफ्टवेअर, दोन्ही नसताना चालतील का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर चहा पाजून पाठवून द्या.

आणि शिक्षकांनो, आपलंही चुकतंच. पॉवरपॉइंटमध्ये फ्लॅशची फाइल अडकवून आपणही किती मेहनतीने पाठ बनवले होते! ते कपाटातल्या सीड्यांवर पडून असतील. सीडी वाचली जातेय तोवर पेनड्राइव्हवर उतरवा, रफलमध्ये लावून बघा. जे चालेल ते स्क्रीन रेकॉर्डरने एमपी-४ करून ठेवा. एका धड्याला धडा चालतो तेवढाच वेळ लागतो. आमचे आठ अजून राहिलेत, त्यात गणिताचे पाच आहेत. कुणाला जमले असतील तर कसे केले ते नक्की कळवा.