समुद्राने पांघरलेली चादर

सोलापूरपासून समुद्र किती लांब! समुद्र म्हटलं की आपल्याला कोकण किंवा गोवा आठवतो. पण आपल्या भीमेचं पाणी तिकडे जातच नाही. उजनी, पंढरपूर करत ते रायचूरजवळ कृष्णेला मिळतं आणि शेवटी पोचतं बंगालच्या उपसागरात. या उपसागराची एक गंमत आज पाहू. पण आधी प्रयोग!

दोन काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एकात दोन-तीन चमचे मीठ घालून पूर्ण विरघळू द्या. आता एका वाटीत साधं पाणी घेऊन त्यात शाईचे चार थेंब टाका. हे निळं पाणी दोन्ही ग्लासांत चमच्याच्या पाठीवरून अगदी हळूहळू सोडा. साध्या पाण्यात निळा रंग लगेच पसरेल. मिठाच्या पाण्यावर मात्र तो थर धरून बसेल. कारण खारं पाणी जड आणि गोडं पाणी हलकं. हलकं वर राहतं. ते मिसळायला चमच्याने जोरात ढवळावं लागतं.

समुद्रात हा चमचा म्हणजे वारा. ऊन फक्त वरचं पाणी तापवतं. वारा ते ढवळतो. वरची उष्णता खाली जाते, खालचं गार पाणी वर येतं. उन्हाळ्यात अरबी समुद्र खूप तापतो. पण मोसमी वारे जोरात सुटले की तो असा ढवळला जातो आणि थंडावतो.

बंगालच्या उपसागरात तसं होत नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा नद्या त्यात गोडं पाणी ओततात. वरून पाऊसही धो धो पडतो. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यानंतर या उपसागराच्या उत्तर भागात वरच्या पाण्यात ते ३० ग्रॅमहूनही कमी होतं. म्हणजे समुद्राने जणू गोड्या पाण्याची सोलापुरी चादरच पांघरलेली! वाराही इथे त्यामानाने कमी. त्यामुळे चादर सहज विसकटत नाही, गार पाणी वर येत नाही आणि ऊब वरच्या वर राहते.

गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा असा हिशेब मांडला. उपसागराचं पाणी २८ अंशांच्या वर राहतं, म्हणून त्यावर मोठाले ढग आणि कमी दाबाचे पट्टे तयार होत राहतात.

त्याचं आपल्याला काय, असं म्हणाल? ऑक्टोबर २०२० आठवा, किंवा आई-बाबांना विचारा. उपसागरावर तयार झालेला कमी दाबाचा मोठा पट्टा १३ तारखेला काकिनाड्याजवळ जमिनीवर आला आणि तेलंगण, कर्नाटक ओलांडून थेट आपल्यापर्यंत पोचला. सोलापूर जिल्ह्यात पावसाने थैमान घातलं. पंढरपुरात भीमेला पूर आला, हातची पिकं गेली. पण एखाद्या कोरड्या वर्षी अशाच पट्ट्याची आपण चातकासारखी वाट पाहतो!

म्हणून समुद्रातलं मीठ आणि उष्णता मोजणं महत्त्वाचं. ढग किती येणार, हे त्यावरून आधी ओळखता आलं, तर शेतकऱ्याला सावध करता येतं.

तर मग, ग्लास घेतले का हातात? निळा थर किती तास टिकला ते वहीत जरूर लिहून ठेवा.