सिद्धी आणि वीस बाजूंचा फासा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ हॉस्टेलमध्ये बहुतेकांना माहीत आहे तो रात्री दीड वाजता होणाऱ्या आरडाओरड्यामुळे. स्टाफपैकी काहींचं मत असं की हा भुताखेतांचा खेळ, तो खेळून पोरं अंधश्रद्धाळू होतात. मला नेमकं उलटं म्हणायचंय. अंधश्रद्धेवर याच्याइतकं स्वस्त औषध मी तरी पाहिलेलं नाही.

थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ काढला. प्रत्येकाचं एक पात्र, एक जण गोष्ट चालवणारा सूत्रधार, आणि नशिबासाठी वीस बाजूंचा फासा. १९७६ च्या एका पुरवणीत 'सायॉनिक्स' आलं, म्हणजे मनाच्या शक्ती. दुसऱ्याच्या मनातलं ऐकणं, नुसत्या विचाराने वस्तू उचलणं, शरीर मागे ठेवून भटकणं वगैरे. हे सगळं अनेक 'प्लेन्स'वर चालतं. प्लेन म्हणजे विमान नव्हे, आपल्याकडे भूलोक, भुवर्लोक, स्वर्लोक म्हणतात ना, तसलं काहीतरी. (गंमत म्हणजे 'ॲस्ट्रल प्लेन' हा शब्द ज्या थिऑसॉफिस्ट मंडळींनी जगभर नेला, त्यांचं ठाणं १८७९ ते १८८२ मुंबईतच होतं. पण तो वेगळा लेख होईल.)

आता मुद्द्याचं. आम्ही साडेतीन नंबरच्या आवृत्तीचे जुने नियम वापरतो. त्यात मनाच्या शक्तीला पॉइंट लागतात. पाचव्या लेव्हलच्या पात्राला दिवसाचे २५, बुद्धीचा बोनस वेगळा. एका शक्तीवर आपल्या लेव्हलपेक्षा जास्त पॉइंट ओतता येत नाहीत. संपले की आठ तास विश्रांती, तोवर तुम्ही साधी माणसं. प्लेन बदललं की हिशोबही बदलतो. ॲस्ट्रलवर भूक लागत नाही, वय वाढत नाही, पण जखमही आपोआप भरत नाही. ईथिरीयलवरून आपलं जग धुरकट दिसतं, हात मात्र लावता येत नाही. काही ठिकाणी जादू मेलेलीच असते. तिथे मनाची शक्तीही मेली असं धरायचं, मग कितीही मोठा सिद्धपुरुष येवो!

आणि हे सगळं फासा टाकायच्या आधी पुस्तकात छापलेलं असतं. फासा पडल्यावर कुणी नियम बदलू शकत नाही. आमच्या सूत्रधाराने एकदा प्रयत्न केला, तर आठवडाभर त्याची मॅगी बंद होती.

हे परकं वाटत असेल तर आपल्या शिरूर-दौंडकडेच बघा. शिरूर तालुक्यात रांजणगाव. आपल्यापैकी निम्मे जण ते एमआयडीसीमुळे ओळखतात, पण तिथल्या महागणपतीची कथा त्रिपुरासुराची आहे. त्रिपुर म्हणजे तीन नगरं. महाभारतात ती तीन असुर भावांची सांगितली आहेत. सोन्याचं स्वर्गात, चांदीचं अंतरिक्षात, लोखंडाचं पृथ्वीवर, म्हणजे चक्क तीन प्लेन्स! आणि वराची अट अशी की तिन्ही एकत्र येतील तेव्हा एकाच बाणाने ती पाडायची. तेवढाच क्षण. रांजणगावच्या कथेत तर शंकर आधी गणेशाला न पुजता लढायला जातात आणि अडकतात. पूजा करून परत येतात तेव्हा त्रिपुर पडतं. साक्षात महादेवालासुद्धा प्रोसिजर चुकत नाही. (कॉन्व्हेंटमुळे मला त्रिपुरासुराच्या आधी ड्रॅगन भेटला, त्याला इलाज नाही.)

दौंडला उतरून भीमेपलीकडे गेलं की सिद्धटेक, तालुका कर्जत. तिथे विष्णूला मधु-कैटभांशी लढताना यश येईना, म्हणून त्यांनी गणेशाची आराधना केली आणि सिद्धी मिळवली. देवाला सिद्धी मिळवावी लागते, तीही फुकट नाही. पतंजली तर योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींची भली मोठी यादी देतात आणि वर सांगतात की समाधीच्या वाटेत या अडथळाच आहेत. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांचं आळंदीत काय झालं ते तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

म्हणजे आपल्या जुन्या कथांनाही शक्तीची किंमत आणि मर्यादा ठाऊक आहे. ती नाही फक्त आजच्या बुवांना. त्यांचा नियम फासा पडल्यावर लिहिला जातो. बरं वाटलं तर बुवांची कृपा. नाही वाटलं तर तुमची श्रद्धा कमी पडली, घरात कुणीतरी मटण खाल्लं, अमावस्या चुकली. असा सूत्रधार आम्ही दुसऱ्या रात्री रूमबाहेर काढला असता.

मी हे हवेत बोलत नाही. आमच्या विंगमधला एक जण दौंड तालुक्यातला. त्याच्या आईला फिट येतात. गोळ्या चालू होत्या, त्रास कमी होता. दिवाळीनंतर कुणीतरी एका बुवाकडे नेलं. "बाहेरचं आहे, गोळ्या बंद करा, पाच वेळा या." तीन वेळा जाऊन झालंय, याची दुसऱ्या सेमची फी तिथे गेली आणि फिट वाढल्या. अशा गोळ्या एकाएकी बंद केल्या की फिट वाढतात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. बुवा म्हणतो, आतलं बाहेर पडतंय म्हणून वाढल्या.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर तो आला. पण आपल्याच काकांनी नेलेलं असेल तर पोलीस स्टेशनची पायरी कोण चढणार? घरात भांडण काढूनही काही होत नाही, हा माझा मित्र करून बसलाय.

म्हणून आम्ही चौघांनी आमच्या नियमपुस्तकासारखंच एक पान तयार केलं. शनिवारी तो घरी जाईल तेव्हा चौथ्या फेरीआधी काका ते बुवाला वाचून दाखवणार आहेत, एवढं त्यांनी फोनवर कबूल केलंय. किती दिवसांत किती फिट कमी होणार, तारखेसकट. नाही झाल्या तर तुमचं चुकलं असं म्हणाल का? पैसे परत द्याल का? सगळ्यात वर मात्र बुवासाठी नाही, घरच्यांसाठी एक ओळ आहे. ती मित्राने लाल पेनाने लिहिली: उत्तर काहीही येवो, डॉक्टरला आज रात्री फोन.