व्हायनलच्या खिडकीला काचेचे उपाय नकोत



कापडी टपाच्या जीपच्या पारदर्शक खिडक्या काच पुसण्याच्या द्रावणाने आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसाव्यात, असा सल्ला मागील अंकातील वाचकपत्रात आहे. काचेला तो चालेल; व्हायनलचे त्याने नुकसान होते.

या खिडक्या मऊ पीव्हीसीच्या असतात. त्यांना लवचिक ठेवणारी द्रव्ये ऊन आणि उष्णतेमुळे हळूहळू निघून जातात. मग खिडकी पिवळट, ताठ आणि ठिसूळ होते. अमोनियाचे किंवा अल्कोहोलचे द्रावण ही झीज वाढवते. कोरड्या कागदाखाली धूळ घासली जाऊन ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्यांवर फाकतो.

माझदाच्या १९८९ सालच्या एमएक्स-५ मोटारीची मागची खिडकी अशीच प्लास्टिकची होती. टप उतरवण्यापूर्वी तिची चेन उघडून ती सपाट ठेवावी लागे, नाहीतर घडीची रेघ उमटे. दुसऱ्या पिढीत तिथे काच आली.

योग्य पद्धत सोपी आहे. गाडी सावलीत उभी करावी, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग सौम्य साबणाचे पाणी आणि स्वच्छ मायक्रोफायबरचे फडके हलक्या हाताने फिरवावे. सुकल्यावर अतिनील किरणांपासून बचाव करणारे, खास व्हायनलसाठीचे पॉलिश लावावे.

खिडकी गुंडाळताना मध्ये मऊ टॉवेल ठेवावा. कडक थंडीत तिची घडी घालू नये, ती तडकते. कोकणातल्या पावसात तर ओली खिडकी गुंडाळून ठेवणे टाळावेच; बुरशीचे डाग सहजी निघत नाहीत.

— एक वाचक, पुणे