फळा दिसतो का, हे आधी पाहावे

मागच्या बाकावरचा विद्यार्थी फळ्यावरचा मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, तेव्हा त्याला आळशी ठरवले जाते. त्याला फळा दिसतो का, हे फारसे कोणी विचारीत नाही. तो स्वतःही तक्रार करीत नाही. कारण दृष्टी हळूहळू मंदावत जाते आणि धूसर दिसते तेच त्याला नेहमीचे वाटू लागते.

घरी असलेले मूल डोळे बारीक करून पाहू लागले, की आईच्या ते ध्यानात येते. निवासी शाळेत ती नजर शिक्षकांनी आणि गृहपालांनीच ठेवावयाची असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची पथके शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी करतात. परंतु पथक एका दिवसापुरते येते. मूल मात्र शाळेचे संपूर्ण वर्ष आपल्याजवळ असते. म्हणून आमचे आग्रहाचे मत असे, की प्रवेशाच्या वेळी आणि पुढे दरवर्षी प्रत्येक मुलाची दृष्टी शाळेनेच तपासावी. सहा मीटरवर लावलेला अक्षरतक्ता त्यास पुरतो. मात्र एकेक डोळा झाकून वाचावयास सांगावे. कारण चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव लपवितो. अशा दुर्लक्षित डोळ्याची दृष्टी वयाच्या सात-आठ वर्षांनंतर सुधारणे कठीण जाते. तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी शाळाप्रवेशाची वाट पाहू नये.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज निराधार आहे. मुलीला चष्मा लागला तर तिचे लग्न कसे जमेल, या चिंतेने तो पेटीत ठेवविणे हा तर तिच्या शिक्षणावरच अन्याय होय. मुलांनी रोज निदान दोन तास मोकळ्या उजेडात खेळावे. त्याने लघुदृष्टी जडण्याचा धोका कमी होतो. डोळे आल्यास टॉवेल वेगळा ठेवावा आणि दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. स्टेरॉइड असलेले थेंब दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आता चाळिशी लागली असेल. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, आणि तो बहुतेकदा वेदनेवाचून वाढतो. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर भावंडांनीही तपासून घ्यावे. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवावा, स्पष्ट दिसत असले तरीही.

स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेला काही भेट देण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पंखे, कपाटे, घड्याळे पुष्कळ आली. यंदा एका इयत्तेच्या नेत्रतपासणीचा आणि चष्म्यांचा भार एकेका तुकडीने उचलावा, अशी आमची सूचना आहे. चष्मा तुटला तर दुसरा देण्याची तरतूदही त्यातच असावी. नाहीतर पहिल्याचा उपयोग खेळाच्या मैदानावरच संपतो.