दाखला मागतां, पण शिकवणार कोण?

शेतकरी व कारागीर बांधवांनो, आपण रानांत किंवा भट्टीवर कामास जातों, तेव्हां आपलीं लहान लेंकरें कोणाच्या हवालीं असतात? अंगणवाडींतल्या बाईंच्या. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरास ही योजना सुरू झाली. पोरांना खाऊं घालणें, त्यांचें वजन घेणें, अक्षरांच्या आधींचें वळण लावणें, सारें तीच बाई करते.

केंद्राच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें नव्या सेविकेस बारावी पाहिजे. तिच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेस पदवी पाहिजे. शिक्षण मागूं नये, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अडाण्याच्या हातीं मूल द्यावें, असें कोणता बाप म्हणेल? आमचा सवाल निराळा आहे. जिनें वीस वर्षें गांवचीं मुलें वाढविलीं, तिची ती विद्या तुम्ही कोणत्या रकान्यांत लिहितां? मदतनीस बाईनें सेविका व्हावें, सेविकेनें मुख्यसेविका व्हावें, म्हणून अर्ध्या जागा बढतीच्या ठेविल्या आहेत. पण वरच्या पायरीला पदवीचें कुलूप असेल, तर ती शिडी काय कामाची? जुनें सोवळें गेलें आणि कागदाचें सोवळें आलें, एवढेंच!

आतां मोबदला पाहा. २०१८ च्या ऑक्टोबरापासून केंद्रानें सेविकेस महिना ४,५०० रुपये ठरविले. वर राज्याची भर. मागणी विदुषीची, आणि हातावर ‘मानधन’! ग्रॅच्युइटीचा हक्क देखील या बायांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून २०२२ सालीं मिळवावा लागला.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच मागितलें होतें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतूनच तयार करावे. तयार करावे, म्हणजे आधीं शिकवावें आणि मग दाखला मागावा. २०२० च्या शैक्षणिक धोरणांत बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचा व कमी शिकलेलीस एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. तो सरकारनें आपल्या खर्चानें, कामाच्या वेळांत द्यावा. आणि बढती देतांना तो अभ्यास व सेवेचीं वर्षें दोन्ही मोजावीं.

बांधवांनो, सगळा दोष सरकारचाच नव्हे. मुलगी नववींत गेली कीं पुष्कळ घरांतून तिला काढून लग्नाची घाई होते, आणि पुढें जागा दुसऱ्यास मिळाली म्हणून कपाळ बडवितात. पोरीला पदवीपर्यंत शिकवा. उद्यां तीच मुख्यसेविका होऊन तुमच्या नातवंडांची अंगणवाडी तपासावयास येऊं द्या!